क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर कधी वळवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीची खरेदी कार्डावर होते, बिल हातात पडते आणि कारखान्याकडून येणारे उसाचे बिल किंवा बोनस अजून लांब असतो. अशा वेळी ‘बॅलन्स ट्रान्सफर करा, ६० दिवस व्याज नाही’ असा मेसेज आला तर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणत्या दिवशी, हे या पानावर आहे. उदाहरणांत जुन्या कार्डाचे व्याज महिना ३.५ टक्के, ट्रान्सफरची प्रोसेसिंग फी २ टक्के आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरला आहे. तुमच्या कार्डाचे आकडे वेगळे असतील तर तेच घालून हिशोब करा, रीत बदलत नाही.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे नेमके काय?

एका बँकेच्या कार्डावरची थकबाकी दुसऱ्या बँकेचे कार्ड फेडते आणि ती रक्कम आता तुम्ही दुसऱ्या बँकेला देणे लागता. कर्ज तेवढेच राहते, फक्त सावकार बदलतो. नवी बँक ठरावीक दिवस व्याज घेत नाही किंवा कमी घेते, त्याबदल्यात सुरुवातीला फी कापते. एकाच बँकेच्या दोन कार्डांत ही सोय मिळत नाही.

परदेशात दीड-दोन वर्षे बिनव्याजी मिळते असे वाचले. आपल्याकडे का नाही?

तो मजकूर ब्रिटन-अमेरिकेतला असतो. तिथल्या मुदती महिन्यांत मोजतात, आपल्याकडे दिवसांत. भारतात बिनव्याजी ट्रान्सफर प्रामुख्याने ६० दिवसांचीच राहिली. त्याहून लांब मुदत हवी तर तीन, सहा, नऊ किंवा बारा महिन्यांचे हप्ते मिळतात आणि त्यावर व्याज असते.

त्यातही आता हात आखडला आहे. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरील जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. याचा अर्थ असा: किमान ९ टक्के भांडवलाच्या नियमाने, कार्डावर थकलेल्या दर १०० रुपयांमागे बँकेला पूर्वी सव्वाअकरा रुपये भांडवल बाजूला ठेवावे लागे, ते साडेतेरा झाले. ज्या रकमेवर व्याज मिळणार नाही, तिच्यासाठी जास्त भांडवल अडकवणे बँकेला जड जाते. त्यामुळे व्याजाचे हप्ते पुढे केले जातात आणि शून्य टक्क्याची ऑफर मोजक्या ग्राहकांना त्यांच्या ॲपमध्येच दिसते. शेजाऱ्याला आली म्हणून तुम्हालाही येईल असे नाही.

रेपो दर उतरला तरी कार्डाचे व्याज का उतरत नाही?

कारण ते रेपोला बांधलेलेच नाही. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, गृहकर्जांचे हप्ते हलले, कार्डे होती तिथेच राहिली. त्याआधी २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल रद्द केला होता. कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज नको, असे त्या निकालात म्हटले होते. ‘दर आपोआप खाली येईल, मग बघू’ म्हणून थांबण्यात फायदा नाही.

‘शून्य टक्के’ खरेच फुकट असते का?

नाही, आणि हे सगळ्यात आधी समजून घ्या. ६०,००० रुपये वळवले तर २ टक्के फी १,२०० आणि तिच्यावर जीएसटी २१६, असे १,४१६ रुपये लागतात. ६० दिवसांसाठी हा खर्च २.३६ टक्के झाला. वर्षाच्या हिशोबाने तो १४ टक्क्यांच्या वर जातो.

जुन्या कार्डावर तेच ६०,००० ठेवले तर महिन्याला व्याज २,१०० आणि जीएसटी ३७८, मिळून २,४७८ रुपये. दोन महिन्यांचे जवळपास ४,९५६. म्हणजे वळवल्याने ३,५०० रुपयांच्या आसपास वाचतात, पण पूर्ण रक्कम ६० दिवसांच्या आत फेडली तरच.

मग सोने तारण ठेवणे स्वस्त पडेल का?

अनेकदा पडते. कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) घेतलेले सोने घरात असेल आणि बँकेने १० टक्के वार्षिक दराने कर्ज दिले, तर ६०,००० वर ६० दिवसांचे व्याज साधारण ९८६ रुपये होते. मूल्यांकनाचा खर्च धरूनही ते ‘शून्य टक्क्या’च्या १,४१६ च्या खाली राहू शकते, शिवाय साठाव्या दिवशी दर एकदम चौपट होत नाही. कार्डाची थकबाकी हजार-दोन हजारांची नसून पन्नास हजारांच्या पुढे असेल, तर ऑफर घेण्याआधी तुमच्या बँकेत किंवा पतसंस्थेत तारणाचा दर जरूर विचारा. मात्र दर वर्षाचा विचारायचा, ‘महिना शेकडा’ ऐकून गप्प बसायचे नाही.

माझ्या हातात पैसे लवकर येणार आहेत. तरी वळवावे का?

वर दिलेल्या दरांनी जुन्या कार्डावर ६०,००० चा दिवसाचा भार साधारण ८३ रुपये आहे. १,४१६ रुपयांची फी त्या हिशोबाने १७ दिवसांत भरून निघते. ट्रान्सफर पोहोचायला लागणारे चार-पाच दिवस धरले तर तीन आठवडे झाले. पैसे त्याआधी नक्की येणार असतील तर फीच्या नादाला लागू नका, जुन्याच कार्डावर जमेल तेवढे लगेच भरा. रक्कम कितीही असली तरी हे १७ दिवस बदलत नाहीत, कारण व्याज आणि फी दोन्ही टक्क्यांत आहेत. अपवाद लहान रकमेचा: किमान फी दोनशेच्या आसपास असेल तर पाच हजारांवर तीच चार टक्के होते.

ट्रान्सफर कोणत्या दिवशी करावी?

उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: जुन्या कार्डावर व्याज सुरू झाले आहे की नाही.

*व्याज अजून सुरू झालेले नाही.* मागचे बिल तुम्ही पूर्ण भरले होते, हे पहिलेच बिल अंगावर आले आहे. तर शेवटच्या तारखेपर्यंत जुने कार्ड स्वतःच बिनव्याजी आहे, ते दिवस वाया घालवू नका. समजा बिल दर महिन्याच्या २० तारखेला बनते. २१ सप्टेंबरची खरेदी २० ऑक्टोबरच्या बिलात येते आणि भरण्याची शेवटची तारीख ८ नोव्हेंबर असते. म्हणजे ४८ दिवस तसेही मोफत मिळाले. ट्रान्सफरचे पैसे ४ नोव्हेंबरच्या सुमारास जुन्या कार्डावर जमा होतील अशा बेताने २८-२९ ऑक्टोबरला अर्ज करा. चार नोव्हेंबर हा पहिला दिवस धरला तर साठावा दिवस २ जानेवारीला येतो. खरेदीपासून शंभरावर दिवस मिळाले. २१ ऑक्टोबरलाच घाईने वळवले असते तर त्यातले दोन आठवडे गेले असते.

*व्याज सुरू झाले आहे.* मागच्या महिन्यात किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली असेल तर सगळे उलटे होते. आता प्रत्येक दिवस पैसे खातो, नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात जाते. शेवटच्या तारखेची वाट पाहण्यात काहीच अर्थ नाही. ऑफर दिसते आहे आणि फेडीचे पैसे कुठून येणार हे माहीत आहे, तर आजच अर्ज करा.

ऊस, दूध किंवा बोनसच्या पैशावर भिस्त असेल तर तारीख कशी जुळवायची?

उलटी मोजणी करा. पैसे खात्यात येण्याची खात्रीची तारीख लिहा, तिच्यापुढे दहा-बारा दिवस सोडा आणि तिथे साठावा दिवस येईल असे बघा.

उसाच्या बाबतीत कायदा सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (सरकारने ठरवलेल्या किमान दराची) रक्कम द्यावी, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात बिल किती दिवसांनी येते हे तुमच्या कारखान्याच्या मागच्या दोन हंगामांच्या नोंदीवरून ठरवा, कायद्याच्या आकड्यावरून नव्हे. आणखी एक अडचण म्हणजे तोडीची पाळी. वरच्या उदाहरणात मुदत २ जानेवारीला संपते. तोड डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली तर चौदा दिवस अगदी वर्षअखेरीला संपतात आणि हाती आठवडाभरच उरतो. पावसाने रस्ता बंद झाला किंवा टोळी दुसऱ्या शिवारात गेली की गणित फसले. पाळीची तारीख पक्की नसेल तर ६० दिवसांची ऑफर उसाच्या भरवशावर घेऊ नका, सहा महिन्यांचा हप्ता घ्या. त्यावर व्याज लागेल, पण ते आधी माहीत असेल.

दुधाचे तसे नाही. दहा दिवसांनी बिल येते, रक्कम लहान पण नेमाने. तिथे प्रत्येक बिलातला ठरलेला भाग त्याच दिवशी कार्डावर भरायचा. साठ दिवसांत सहा बिले येतात, म्हणून ३०,००० रुपये फेडायचे तर प्रत्येक बिलातून ५,००० बाजूला निघायला हवेत. निघत नसतील तर वळवण्याची रक्कम कमी करा. दिवाळीआधीचा दूध फरक (दूध संघ वर्षाच्या दुधावर देतो ती जादा रक्कम) हिशोबात धरत असाल तर मागच्या वर्षी मिळाला तेवढाच धरा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत पगार ठरल्या दिवशी होणाऱ्यांना बोनसची तारीख साधारण कळलेली असते. त्यांच्यासाठी ६० दिवसांची मुदत सगळ्यात सोपी बसते.

साठ दिवस कधीपासून मोजतात? बिलाच्या तारखेपासून ना?

नाही, आणि सर्वाधिक लोक इथेच चुकतात. मोजणी सहसा ट्रान्सफर नोंदवल्यापासून सुरू होते. समजा नव्या कार्डाचे बिल २० तारखेला बनते आणि ५ मार्चला रक्कम वळली. साठावा दिवस ३ मे. पण २० एप्रिलच्या बिलाची शेवटची तारीख ९ मे दाखवेल. बिल बघून ८ मे रोजी भरणारा माणूस वेळेत भरतो असे त्याला वाटते आणि पाच दिवसांचे व्याज लागते, तेही महिना साडेतीन टक्क्यांच्या दराने.

याच उदाहरणात १ मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे. एनईएफटी चोवीस तास चालते, पण कार्डाच्या खात्यात जमा दिसायला कामाचा दिवस लागू शकतो. म्हणून २८-२९ एप्रिललाच भरून मोकळे व्हा. ऑफर संपण्याची तारीख ग्राहक सेवेकडून ईमेलवर लिहून घ्या. बिनव्याजी मुदतीनंतर उरलेल्या रकमेवरच व्याज लागणार की मागच्या तारखेपासून, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

पूर्ण थकबाकी वळत नाही. उरलेल्याचे काय?

नवी बँक सहसा उपलब्ध मर्यादेच्या ७५-८० टक्क्यांपर्यंतच रक्कम वळवू देते. मर्यादा ४०,००० असेल तर ३०,०००-३२,००० पर्यंत. जुने बिल ४०,००० चे असेल तर उरलेले आठ-दहा हजार तुम्हीच शेवटच्या तारखेआधी भरायचे. ते राहिले तर पूर्ण बिल भरले गेले नाही असे धरतात, बिनव्याजी सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते. पैसा वळवूनही व्याज लागले, अशी जी तक्रार असते तिचे कारण बहुतेकदा हेच.

अर्जाची पद्धत काय? काय हाताशी ठेवायचे?

नव्या कार्डाच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेला फोन करून अर्ज होतो. जुन्या कार्डाचा पूर्ण क्रमांक, त्या बँकेच्या कार्ड विभागाचा आयएफएससी कोड आणि ताजे बिल लागते. आयएफएससी शाखेचा घालू नका. राजारामपुरीच्या शाखेचा कोड टाकून कार्डाच्या क्रमांकावर पाठवलेले पैसे परत जाण्याची शक्यता असते आणि त्या फेऱ्यात आठवडा जातो. कार्ड क्रमांक दोनदा वाचून बघा.

पैसे पोहोचायला तीन ते सात कामाचे दिवस धरा. तोवर जुन्या कार्डाची शेवटची तारीख आली तर किमान रक्कम स्वतः भरा. तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच विलंब शुल्क लावता येते असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ती सूट शुल्कापुरती आहे, व्याज थांबत नाही. जादा जमा झालेले जुन्या कार्डावर तुमच्याच नावे राहतात आणि मागितले की परत मिळतात.

जुने कार्ड शून्य झाले, तरी पुढच्या महिन्यात बिल आले. असे कसे?

व्याज सुरू असलेल्या कार्डावर बिल बनल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचे व्याज पुढच्या बिलात येते. ६०,००० वर बारा दिवसांचे धरले तर जीएसटीसह हजाराच्या आसपास. ते भरा, मग पुढचे बिल शून्याचे येते का बघा. ‘मी तर सगळे वळवले’ म्हणून हे बिल बाजूला टाकले तर विलंब शुल्क लागते आणि क्रेडिट अहवालात थकबाकी दिसते.

नव्या कार्डावर खरेदी करत राहिले तर चालेल?

ऑफर चालू असेपर्यंत त्या कार्डाला हात लावू नका. वळवलेली रक्कम बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत अशी अट अनेक कार्डांत असते. तुम्ही भरलेले पैसे कर, हप्ते, फी, व्याज, वळवलेली रक्कम आणि मग खरेदी अशा क्रमाने वळते होतात असेही अनेक नियमावल्यांत आहे. म्हणजे महाग खरेदी शेवटी फिटते. किराणा आणि पेट्रोल त्या दोन महिन्यांत यूपीआयने थेट बचत खात्यातून भरा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडले असेल तर पैसे कुठून जातात ते प्रत्येक वेळी तपासा.

फक्त किमान रक्कम भरत राहिलो तर?

६०,००० वर पाच टक्क्यांनी किमान रक्कम ३,००० होते. त्यातले २,४७८ व्याज आणि करात जातात, मुद्दलातून ५२२ कमी होतात. बिनव्याजी मुदतीत तीच ३,००० ची भरणा पूर्ण मुद्दलात जाते, पण दोन महिन्यांत ६,०००च फिटतात आणि ५४,००० साडेतीन टक्क्यांच्या तोंडी जातात. ट्रान्सफर घेताना साठावा भाग रोज किंवा अर्धी रक्कम दर महिना, एवढी फेड झेपणार नसेल तर हप्त्याची योजनाच बरोबर.

हप्त्याची योजना घेताना काय बघायचे?

दर ‘फ्लॅट’ (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिल्लकीवर, हे. बारा महिन्यांसाठी ‘फक्त महिना १ टक्का फ्लॅट’ ऐकायला छान वाटते, घटत्या शिल्लकीवर तो वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. ६०,००० रुपये सहा महिन्यांना, घटत्या शिल्लकीवर महिना दीड टक्क्याने घेतले तर हप्ता १०,५३२ च्या जवळ येतो, एकूण व्याज साधारण ३,१९० आणि त्यावर जीएसटी ५७५ च्या आसपास. प्रोसेसिंग फी वेगळी. मुदतीआधी फेडले तर ३ टक्क्यांच्या आसपास शुल्क लागू शकते, म्हणून उसाचे बिल आले की एकदम फेडू असा बेत असेल तर हे शुल्क आधीच विचारा.

व्याजाचा हप्ता ‘नो कॉस्ट’ म्हणून खपवता येत नाही, मुद्दल, व्याज आणि सवलत वेगवेगळी दाखवावी लागतात, असे रिझर्व्ह बँकेच्या कार्ड निर्देशांत आहे. हे तीन आकडे मागा.

एका कार्डावरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर असे फिरवत राहता येईल का?

दर फेरीला २.३६ टक्के जातात, वर्षात सहा फेऱ्या म्हणजे १४ टक्के, आणि मुद्दल तसेच. १ जानेवारी २०२५ पासून बँका सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना महिन्यातून किमान दोनदा माहिती देतात, त्यामुळे वाढलेली थकबाकी तिसऱ्या बँकेला लवकर दिसते आणि ती नकार देते. तो नकार बहुतेक साठाव्या दिवसाच्या आसपासच येतो.

कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख देणारी दुकाने असतात. तो मार्ग धरू नका. खोटा विक्री व्यवहार दाखवून रोख घेणे कार्डाच्या अटींविरुद्ध आहे, बँकेच्या लक्षात आले तर कार्ड बंद होते आणि पूर्ण रक्कम एकदम मागितली जाते.

जुने कार्ड बंद करावे का?

हातात राहिले की खर्च होतो असा अनुभव असेल तर करा. नसेल तर ठेवा, कारण एकूण मर्यादा मोठी राहिली की वापराचे प्रमाण कमी दिसते. थकबाकी शून्य असताना बंद करण्याचा अर्ज दिला तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. ‘सेटलमेंट’ करून, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रकमेवर तडजोड करून बंद करणे मात्र वेगळे. तो शब्द क्रेडिट अहवालात राहतो आणि पुढे घर किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाला आडवा येतो.

ऑफरचा फोन आला. खरा की खोटा?

बँकांचे जाहिरातीचे फोन १४० ने आणि सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असा नियम आहे. दहा आकडी मोबाइलवरून कोणी ‘ट्रान्सफर मंजूर झाली, ओटीपी सांगा’ म्हणाले तर फोन ठेवा आणि ऑफर स्वतः ॲपमध्ये उघडून बघा. तिथे नसेल तर ती नाहीच. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितके तास जातील तितकी रक्कम गोठवणे अवघड होते.

सांगितले एक आणि बिलात लावले दुसरे, तर कुठे जायचे?

आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ऑफरचा स्क्रीनशॉट, मुदत सांगणारा ईमेल आणि दोन्ही कार्डांची बिले जोडा. फोनवर दिलेल्या शब्दाला तिथे पुरावा लागतो, म्हणून अर्ज करण्याआधीच ऑफरचे पान मोबाइलमध्ये साठवून ठेवा. ऑफर संपली की ते पान ॲपमधून नाहीसे होते.